गोणपाटात गुंडाळलेला उड्डाणपूल

आधी हेल्मेट घाला. पिवळं आहे, आतली पट्टी कालच्या माणसाच्या घामानं अजून ओलसर आहे, पण त्याला इलाज नाही. मोबाइल मागेच ठेवून या. इथं तुमच्या सरांच्या कमरेला पेजर आहे आणि तो वाजला की ते नाक्यावरच्या पीसीओकडे पळतात, तेवढं पुरेसं आहे. तुमच्या खिशात रेल्वेचा सेकंड क्लासचा पास, दहाच्या दोन-चार नोटा, वही आणि बॉलपेन. पायांत टोकाला लोखंड असलेले जड बूट. चालायला लागलात की टाच सोलवटते. दोन दिवसांत सवय होईल.

१९९८ चा एप्रिल संपत आलाय. तुम्ही गोरेगावला, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेला पत्र्याचं कुंपण घातलेल्या एका कास्टिंग यार्डात उभे आहात. मुंबईत जागोजागी उड्डाणपूल उभे करायचं काम राज्य रस्ते विकास महामंडळानं हाती घेतलंय आणि त्यातल्या एका पुलाचे गर्डर, म्हणजे काँक्रीटच्या लांब तुळया, या यार्डात ओतल्या जातायत. सकाळचे नऊ वाजलेत, तरी पत्रा हात लावू देत नाही. कुंपणापलीकडे बेस्टच्या बस, रिक्षा आणि ट्रक एकमेकांवर हॉर्न मारतायत. अलीकडे मिक्सर घरघरतोय, व्हायब्रेटरची सुई काँक्रीटमध्ये बुडाली की तिचा कर्कश आवाज एकदम जाड होतो. ओल्या सिमेंटचा वास, डिझेलचा धूर, साच्यांना चोपडलेलं तेल, आणि गेटवर फेरीवाल्यानं उतरवलेली हापूसची पेटी. नाकाला काय काय घ्यावं कळत नाही. पाऊस यायच्या आत जितके गर्डर होतील तितके हवेत, म्हणून यार्डात प्रत्येक जण जरा भरभरच चालतोय.

"साहेब, माल आला," मुकादम ओरडतात. साहेब म्हणजे तुम्ही. वय बावीस असलं तरी हेल्मेट घातलं की तुम्ही साहेब.

ट्रकमधून क्रेननं उतरते ती कॉइल. जवळजवळ तीन टन वजन, तुमच्या छातीपर्यंत येणारं पोलादाचं वेटोळं. ते लाकडी स्लीपरवर टेकतं तेव्हा पायांखालची जमीन थरथरते. या एका वेटोळ्यात पावणेचार किलोमीटरहून जास्त लांबीचा स्ट्रँड आहे. वाकून बघा. बोटाएवढ्या जाडीचा, १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. सात तारांचा पीळ आहे. मधली तार सरळ आणि जरा जाड, तिच्याभोवती सहा तारा गुंडाळलेल्या. रंग निळसर राखाडी. हात फिरवलात तर तळव्याला पीळ मोजता येतो.

"मागं व्हा!" मुकादम तुमचा दंड धरून खेचतात. कॉइलला बांधलेल्या लोखंडी पट्ट्या ते कापणार आहेत. कारखान्यानं हा स्ट्रँड गोल वळवून बांधलाय आणि त्याला सरळ व्हायचंय. पट्टी तुटली की मोकळं टोक हवेत उसळतं. म्हणून आधी कॉइल पिंजऱ्यात बसवतात, मग पट्ट्या एकेक करून कापतात, आणि टोक आतल्या बाजूनं, सावकाश बाहेर काढतात. टक्. टक्. टक्. तिसऱ्या पट्टीला सगळी कॉइल एकदा अंग झटकते आणि तुमच्या पोटात गोळा येतो.

हे पोलाद तुमच्या ओळखीच्या सळईपेक्षा फार वेगळं आहे. इमारतीच्या खांबात घालतात ती पिळाची सळई दर चौरस मिलिमीटरला ४१५ न्यूटनला नमते. हा स्ट्रँड १८६० च्या आसपास तुटतो. त्यातला प्रत्येक धागा जाड सळईपासून साच्यातून पुन्हा पुन्हा ओढून बारीक केलाय, आणि शेवटी ताणलेला असतानाच तापवून स्थिर केलाय. आणि तो काँक्रीटमध्ये नुसता झोपून राहणार नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना पाहिलीत कधी? धाव तापवून लाल करायची, चाकावर घालायची, पाणी मारायचं. धाव आकसते आणि लाकडाच्या आऱ्या, पाटे, तुंबा सगळं असं आवळून धरते की खडकावरून गाडी गेली तरी सांधा हलत नाही. गर्डरमध्ये स्ट्रँडचं काम तेच. काँक्रीटला दाबलेलं सोसतं, ताणलेलं सोसत नाही. म्हणून स्ट्रँड आधी खेचायचा, दोन्ही टोकांना अडकवायचा आणि काँक्रीटला कायमचं आवळून ठेवायचं. वरून ट्रक गेला की गर्डर खाली वाकू बघतो, खालचं काँक्रीट ताणलं जाऊ बघतं, पण त्याला आधीच इतकं दाबून ठेवलेलं असतं की तडा जायची वेळ येत नाही.

म्हणजे सगळा पूल या बोटभर जाडीच्या पिळावर. तो खरंच तेवढी ओढ सोसतो का, हे कुणी पाहिलंय? आज ते तुम्ही पाहणार आहात.

सर येतात. टेरिकॉटचा शर्ट पाठीला चिकटलेला, हातात रुमाल. ते कॉइलपाशी उकिडवे बसतात आणि रुमालानं स्ट्रँड जोरात घासतात. रुमालावर तपकिरी डाग उमटतो, स्ट्रँड खालून स्वच्छ निघतो. "हा चालेल. वरवरचा आहे," ते म्हणतात. मग अंगठ्याचं नख पिळावरून फिरवतात. नख कुठं अडकतंय का, बघतात. गंजानं खड्डा पाडला असेल तर नख अडकतं, आणि नख अडकलं तर कॉइल परत. "गोव्याचा मांडवीचा पूल आठवतो ना? १९८६ च्या जुलैत पडला. आतल्या केबल गंजल्या होत्या. ठाण्याच्या खाडीच्या जुन्या पुलालाही याच दुखण्यानं घेरलं, तेव्हा शेजारी नवा बांधावा लागला. समुद्राची हवा आहे बाबा आपली. ताडपत्री नीट घाल." ताडपत्री घालायला तुम्हीच जाता.

आता तुकडे. तीन कॉइल आल्यात, प्रत्येकीतून दोन. गॅसकटर आणायला धावू नका. ज्योतीच्या आचेनं या पोलादाचा कस जातो, म्हणून इथं चकतीचा कटर. मुकादमांचा माणूस डोळ्यांवर चष्मा चढवतो, चकती फिरते, ठिणग्यांचा फवारा तुमच्या बुटांवर येतो, जळक्या लोखंडाचा वास घशात उतरतो. तुकडा पडतो. लगेच त्याच्या कापलेल्या तोंडाकडे बघा. सातही तारा जागच्या जागी आहेत, फुलल्या नाहीत, उलगडल्या नाहीत. चांगल्या स्ट्रँडची ही पहिली खूण, आणि तिला मशीन लागत नाही. पण हातात घेऊ नका अजून. चटका बसेल.

सव्वा मीटरच्या आसपास लांबीचे सहा तुकडे. प्रत्येकाला पत्र्याची चिपळी बांधायची, तिच्यावर कॉइलचा नंबर, हीट नंबर, तारीख. कंत्राटदाराच्या इंजिनिअरची सही, तुमची सही. मग सगळे एकत्र गोणपाटात गुंडाळून सुतळीनं आवळायचे आणि गाठीवर लाख. लाख मेणबत्तीवर तापते, टपटप पडते, सर तिच्यावर शिक्का दाबतात. गाठोडं साडेपाच किलोच्या आसपास भरतं. "हे माटुंग्याला न्यायचं. लॅबमध्ये. आणि पोहोचेपर्यंत नजरेआड करायचं नाही. चहा प्यायलास तरी मांडीवर ठेवून पी."

तुमचा चेहरा बघून ते टपरीवर बसवतात आणि कटिंग सांगतात. "१८७८ साल. न्यूयॉर्कला ब्रुकलिनचा पूल बांधत होते. त्याच्या केबलसाठी पोलादी तार पुरवायचा ठेका जे. लॉइड हेग नावाच्या माणसाकडे. तपासनीस त्याच्या कारखान्यात जायचे, तार ओढून बघायचे, पास करायचे. सगळं चोख. मग पास झालेली तार गाडीत चढायची, आणि गाडी पुलाच्या वाटेवर एका जागी थांबायची. तिथं चांगली तार उतरवून खराब चढवायची. चांगली तार परत कारखान्यात, पुन्हा पास व्हायला. कळलं तोवर कितीतरी खराब तार केबलमध्ये विणली गेली होती. काढता येईना. वॉशिंग्टन रोबलिंग मुख्य इंजिनिअर. त्यांनी गरजेच्या सहापट ताकद धरली होती, म्हणून निभावलं. प्रत्येक केबलमध्ये दीडशेच्या घरात चांगल्या तारा जास्तीच्या घातल्या. ती खराब तार आजही त्या पुलात आहे." ते ग्लास खाली ठेवतात. "मशीन खोटं बोललं नव्हतं. मशीनला दाखवलेली तार आणि पुलावर गेलेली तार एक नव्हती. म्हणून तू."

म्हणून तुम्ही. उचला गाठोडं.

गोरेगाव स्टेशनवर स्लो लोकलला भरगच्च गर्दी. सव्वा मीटरचं गाठोडं घेऊन चढणं म्हणजे एक कसरतच. आडवं धरलंत तर तीन माणसांच्या पोटात, उभं धरलंत तर एकाच्या हनुवटीखाली. "ओ भाऊ, गज घेऊन कुठं?" "गज नाही, स्ट्रँड आहे." "काय आहे?" "पुलाची तार." हे ऐकून चार डोकी वळतात. हायवेच्या कामामुळे रोज तासभर अडकणारे लोक आहेत हे. "कधी होणार हो तुमचा पूल?" एक काका विचारतात आणि तुम्ही, वय वर्षं बावीस, अख्ख्या डब्याला जबाबदार होऊन बसता.

सुटका सचिन करतो. शारजा होऊन आठवडाही झालेला नाही. वाळूचं वादळ, त्यानंतरचे १४३ आणि दोन दिवसांनी, त्याच्या वाढदिवसाला, १३४. डब्यात प्रत्येकानं तो सामना स्वतः खेळल्यासारखं बोलणं चाललंय. वरच्या कड्या लयीत खडखडतात, पंखा गरम हवा खाली ढकलतो, कुणाच्या डब्यातून लसणाच्या चटणीचा वास येतो. अंधेरी जाते. पार्ल्याला गाडी शिरते आणि डब्यातले सगळे नकळत खोल श्वास घेतात. पार्लेच्या कारखान्यात बिस्किटं भाजली जातायत, गोड, तुपकट, गरम वास. हा वास तुमच्या काळात राहिलेला नाही, म्हणून पोटभर घ्या. फार वेळ टिकणार नाही तो. वांद्रं सुटलं की माहीमची खाडी येते आणि सगळा डबा एकदम रुमाल काढतो.

गाठोडं तुमच्या दोन पायांमध्ये आहे. गुडघ्यांनी आवळून धरलंय. कुणीतरी म्हणतं, "वर ठेवा ना फळीवर." तुम्ही मान हलवता. नाही.

माटुंगा रोडला उतरा, रुळांवरच्या लांब पुलावरून पूर्वेला चला. उन्हानं डांबर मऊ झालंय. पण पूर्वेला उतरताच माटुंगा तुमच्यावर मोगरा आणि अबोली ओततो. गजरेवाल्या बसल्यात, केळीच्या पानांचे भारे पडलेत, उडप्याच्या हॉटेलातून भाजलेल्या कॉफीचा वास येतोय. खांद्यावर साडेपाच किलो पोलाद असलं तरी क्षणभर थांबा. कॉफी प्यायचीच असेल तर सरांची आज्ञा आठवते ना? गाठोडं मांडीवर.

लॅबचं दार उघडलं की आधी थंडावा लागतो. जाड भिंतींचा, उंच छताचा. मग हायड्रॉलिक तेलाचा वास. मधोमध उभं आहे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन. दोन जाड खांब, वर एक जबडा, खाली एक जबडा, शेजारी परातीएवढी तबकडी. तबकडीवर दोन काटे, काळा आणि लाल. काळा पुढं जाताना लाल काट्याला ढकलत नेतो. तुकडा तुटला की काळा शून्यावर आदळतो आणि लाल जिथं पोहोचला होता तिथंच थांबतो. आकडा लपवायला त्याला येत नाही.

लॅबमधले मामा तुमचं गाठोडं टेबलावर घेतात, पण सुतळीला हात लावत नाहीत. आधी लॅबच्या मॅडम येतात, लाख बघतात, शिक्का बघतात, चिपळ्यांवरचे नंबर तुमच्या पत्राशी ताडतात, वहीत उतरवतात. मग मामांच्या हातात कात्री. इथं तुमच्या खांद्यावरचं ओझं खऱ्या अर्थानं उतरतं.

मग तुटातुटीला लगेच सुरुवात होईल असं वाटलं असेल तर जरा बसा. मॅडम तुकड्याची लांबी मोजतात आणि तो तराजूवर ठेवतात. पिळाचं क्षेत्रफळ पट्टीनं मोजता येत नाही, पण वजन खोटं बोलत नाही. मीटरला ७७५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, म्हणजे ९८.७ चौरस मिलिमीटर पोलाद. तुमचा तुकडा किंचित जास्त भरतो, ९९.१. "लिहा," त्या म्हणतात. हा दशांश पुढं कुठं उपयोगी पडतो ते बघालच.

मामा जबड्यात तुकडा बसवतात, आणि इथं त्यांची करामत पाहा. जबड्याचे दात स्ट्रँडमध्ये नुसतेच रुतू दिले तर स्ट्रँड तिथंच जखमी होऊन तुटतो आणि आपण स्ट्रँड नाही, दातांची खूण तपासून घरी जातो. म्हणून मामा दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा गुंडाळतात. किती वेढे, किती घट्ट, हे कुठल्या पुस्तकात नाही. ते त्यांच्या बोटांत आहे. घसरला तरी वाया, चावला तरी वाया.

पंप सुरू. घूंऽऽ. काळा काटा हलतो. आधी दहावा हिस्सा भार, साधारण १८ किलोन्यूटन, म्हणजे पिळातला सैलपणा निघून सातही तारा एकजीव होतात. मग मॅडम तुकड्यावर एक्स्टेन्सोमीटर चढवतात. सहाशे मिलिमीटर अंतरावर दोन चिमटे आणि मधे एक डायल. तुकडा केसाच्या जाडीपेक्षा कमी लांबला तरी ते सांगतं. काटा चढत जातो. ४०. ६०. ९०. तुकडा बघायला तसाच दिसतो. हललेला नाही, वाकलेला नाही, पण डायल फिरतेय. प्रत्येक पायरीला मॅडम भार वाचतात, तुम्ही लांबी वाचता, मामा वाल्व्ह सांभाळतात. दहा मिनिटं कुणी दुसरं काही बोलत नाही. छातीतली धडधड पंपाच्या घुमण्यात मिसळलीय.

१६५.३ ही पहिली परीक्षा. इथपर्यंत स्ट्रँड ओढ सोडल्यावर जवळजवळ मूळ लांबीवर यायला हवा, कायमचा लांबायला नको. डायल अजून संथ आहे. पार. "काढा," मॅडम म्हणतात, मामा चटकन एक्स्टेन्सोमीटर उतरवतात. आता सगळे जाळीच्या मागं. तुम्हीही. पुढं डोकावू नका.

१७५. स्ट्रँड आता खरंच लांबतोय. डोळ्यांना दिसतंय. पिळातून बारीक कुरकूर येते. १८०. मालानं भरलेला दोन आसांचा ट्रक या तुकड्याला टांगलात तरी एवढा भार होत नाही. १८३.७. ही दुसरी परीक्षा, साडेअठरा टनांहून जास्त. काटा थांबत नाही. १८६. १८७. आणि तुम्ही श्वास घ्यायला जाता तेवढ्यात,

धाड्!

आवाज कानात नाही, फासळ्यांत लागतो. जमिनीतून टाचांत येतो. जाळी झणझणते, छतावरची कबुतरं फडफडतात, पत्र्याचे तुकडे फरशीवर पडतात. काळा काटा शून्यावर. लाल काटा १८८ वर. मामा हसतात. इतकी वर्षं हा आवाज ऐकूनही ते प्रत्येक वेळी हसतात.

तुटलेली टोकं हातात घ्या. गरम आहेत. कुणी तापवली नाहीत, नुसत्या ताणानं तापली. प्रत्येक तारेच्या टोकाकडे बघा. तुटण्याआधी ती कमरेत बारीक झालीय, एका बाजूला खळगा, दुसऱ्या बाजूला सुळका, आत चंदेरी दाणे. ही तार तुटण्याआधी लांबली, इशारा देऊन तुटली. साडेतीन टक्के लांबणं नियमानं आवश्यक आहे, ही पाचच्या वर गेली. पुलाला असलंच पोलाद हवं. जे काडकन मोडतं, ते कितीही मजबूत असलं तरी माणसांच्या डोक्यावर ठेवायचं नसतं.

तुटातुटीच्या मधल्या वेळात मॅडम तुम्हाला आतल्या खोलीत नेतात आणि तुम्हाला तिथून बाहेर यावंसंच वाटत नाही. एअरकंडिशनर! बाहेर मुंबई उकळतेय आणि इथं वीस अंश. ही चैन माणसांसाठी नाही, एका स्ट्रँडसाठी आहे. चौकटीत तो सत्तर टक्के भारानं ताणून ठेवलाय आणि त्याची लांबी तसूभरही बदलू द्यायची नाही. तो तसाच राहणार, १००० तास. म्हणजे जवळजवळ सहा आठवडे. लांबी तीच ठेवली तरी पोलाद आतल्या आत हळूहळू सैलावतं, ओढ कमी होते. १००० तासांनी अडीच टक्क्यांपेक्षा जास्त कमी व्हायला नको. बाहेरच्या मशीननं विचारलं, तू किती सोसतोस? ही खोली विचारते, तू किती दिवस धरून ठेवतोस? पुलाला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण त्याला वर्षानुवर्षं आवळून राहायचंय.

परत मशीनकडे. तिसरा तुकडा, आणि इथं घोटाळा. काटा १८१ वर असताना धाड्, पण आवाज वेगळा, बोथट. मामा जबडा उघडतात. स्ट्रँड दाताच्या कडेलाच तुटलाय. मापापेक्षा २.७ किलोन्यूटन कमी. तुमच्या हातपायांतलं बळ जातं. गेली का ती कॉइल? तीन टन माल परत? यार्डात गर्डर थांबलेत, पाऊस दारात आहे, आणि मनात एक वाक्य येतं: पहिले दोन तर छान गेले ना.

मॅडम तसं काही मनात आणत नाहीत. त्या वहीत लिहितात, "१८१, जबड्यात तुटला, निष्कर्ष नाही." खोडत नाहीत, गाळत नाहीत. "नियम स्पष्ट आहे. जबड्यात तुटून आकडा कमी आला तर दोष पकडीचा की स्ट्रँडचा ते सांगता येत नाही. मग दुसरा तुकडा." त्याच कॉइलचा दुसरा तुकडा तुमच्या गोणपाटात आहे, म्हणून तर प्रत्येकीतून दोन कापले. मामा पत्रा या वेळी नवा घेतात, बोटांनी दोनदा चाचपतात. पंप. १८३.७ पार. १८७.४ ला मधोमध तुटतो, आणि तुम्हाला कुणाला तरी मिठी मारावीशी वाटते. मामांना चहा सांगा, तो त्यांना चालेल.

काळात उडी मारता येतेच आहे, तर चार दिवस पुढं जाऊ. सकाळी सात वाजता, गोरेगाव. लॅबचा रिपोर्ट सरांच्या वहीत चिकटवलाय. गर्डर तीस मीटरचा, पन्नास टनांहून जड, साच्यातून मोकळा, आत पन्हळी नळ्यांमधून ओवलेले स्ट्रँड. एका केबलमध्ये बारा. आज त्या ओढायच्या.

सर तुम्हाला गणित करायला लावतात. नेहमीचं क्षेत्रफळ, नेहमीचा ताठपणा धरून केबल २०० मिलिमीटर लांबायला हवी, जवळजवळ वीतभर. पण तुमच्या कॉइलचं क्षेत्रफळ ९९.१ आलं, ताठपणाही किंचित जास्त आला. म्हणजे ही केबल थोडी कमी लांबेल. आकडेमोड करा. १९७. तराजूवरचा तो दशांश आठवला? तो इथं उपयोगी पडला. आता जॅकच्या दाबाचं घड्याळ आणि स्ट्रँडच्या लांबण्याची पट्टी, दोन साक्षीदार, एकमेकांशी जुळले पाहिजेत. पाच टक्क्यांपलीकडे फरक गेला तर थांबायचं. कुठं तरी केबल अडकलीय, किंवा एखादी तार गेलीय, किंवा घड्याळ चुकतंय.

दोन्ही टोकांना जॅक चढतात. मुकादम शिट्टी मारून जॅकच्या मागची जागा मोकळी करतात. तिथं आता चहावाल्या पोऱ्यालाही जाऊ देत नाहीत. पंप घुमतो. दाब पायरीपायरीनं वर. प्रत्येक पायरीला दोन्ही टोकांहून आकडे ओरडले जातात, "बावीस!" "तेवीस!", आणि तुम्ही कडक उन्हात, घाम टपकणाऱ्या वहीवर ते मांडता. पूर्ण भार सुमारे १६८ टन. नळीतून कुरकूर, जॅकमधून तेलाचा गरम वास.

"खाली बघ," सर म्हणतात. तुम्ही गर्डरच्या मध्याशी आडवे पडता, गाल जमिनीला लावून. पन्नास टनांचा तो गर्डर मधल्या भागात आपल्या बिछान्यावरून सुटलाय. कुणी उचलला नाही. क्रेन बंद आहे. त्याच्याखालून उजेडाची एक बारीक रेघ दिसतेय आणि तुमची स्टीलची पट्टी तिच्यातून आरपार जाते. आतल्या केबलनं आवळून त्याला वर उचललंय. माटुंग्याला धाड् म्हणून तुटला तो स्ट्रँड इथं न तुटता काम करतोय.

लांबी किती? दोन्ही टोकांची बेरीज १९५. दोन्ही साक्षीदार जुळले. जॅक सोडताना स्ट्रँड पकडणाऱ्या वेज, म्हणजे पाचरी, ५-६ मिलिमीटर आत सरकतात, कचकन दात रोवतात, आणि केबल कायमची अडकते. मुकादम हेल्मेट काढून कपाळ पुसतात. सर सही करतात, वही तुमच्यापुढं धरतात. तुम्हीही सही करता.

इतक्यात गेटवर हॉर्न. ट्रक आत येतोय, त्याच्यावर चौथी कॉइल. मुकादम नंबर वाचतात आणि तुमच्याकडे वळतात. "साहेब, तोच कारखाना, तसाच माल. तीन पास झाल्यात. आता ह्याला परत माटुंगा कशाला?" ते वाद घालत नाहीयेत, मनापासून विचारतायत. दोन महिन्यांत पाऊस त्यांच्याही डोक्यावर आहे.

उत्तर तुम्हीच द्या. तीन कॉइलींचा रिपोर्ट तीन कॉइलींपुरता. चौथीबद्दल त्यात एक अक्षर नाही. हा पूल उभा राहील, लोकलमधले ते काका त्यावरून जातील, शाळेच्या बस जातील, रात्री वाळूचे ट्रक जातील, आणि त्यातला एकही माणूस थांबून तुमच्याकडे स्ट्रँडचा रिपोर्ट मागणार नाही. त्यांच्या वतीनं तो मागायचं काम तुमचं. घरी जायची घाई असेल तर जरा थांबवा. चकतीचा कटर मागवा, चौथीचे दोन तुकडे कापून घ्या, चिपळीवर नवा नंबर घाला. सही नीट, वाचता येईल अशी करा.